चढावर उजवीकडे, उतारावर डावीकडे

१

टिंकाराच्या साइटवरचं लाल नखपॉलिश फुटलेलं होतं.

एवढ्याशा गोष्टीपायी शनिवारी संध्याकाळी आमच्या मंडळाच्या खोलीत माणसं भरल्या ताटांवर गप्प बसली, असं सांगितलं तर खोऱ्याबाहेरचा माणूस हसेल. खुशाल हसू दे. सोचा नदीच्या वरच्या अंगाला, आमच्या रावनिक गावात, लग्नाला उशीर झाला तर चालतो, पण धनुष्याची चेष्टा चालत नाही. मी फ्लोरियान, तिरंदाज मंडळाचा आचारी. मला स्वतःला गोठ्याच्या भिंतीवरसुद्धा बाण मारता येत नाही. पण या लोकांना इतकी वर्षं जेवू घालतोय की त्यांच्या हत्यारांची नस न् नस मला ठाऊक आहे.

साइट म्हणजे काय, ते सांगतो. धनुष्याच्या पुढे एक आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला भिंग, आणि भिंगाखाली एक इवलीशी पाणसळ. गवंड्याकडे असते तशीच, फक्त बाळाच्या करंगळीएवढी. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की समजायचं, धनुष्य ओळंब्यात उभं आहे, मग सोडायचा बाण. हे सगळं तिळाएवढ्या स्क्रूंवर बसवलेलं असतं. एकदा मनासारखं बसलं की आमचे तिरंदाज त्या स्क्रूंवर नखपॉलिशचा थेंब टाकतात. वाळला की झालं सील. पुढे कुणी स्क्रू फिरवलाच, तर सीलला तडा जातो.

त्या दिवशी डोंगरातल्या स्पर्धेचा पहिला दिवस संपला होता. निशाणं झाडीत, घळीत, कड्याखाली मांडलेली. कुठे मान वर करून मारायचं, कुठे पायाखाली दरीत. दोन्ही दिवसांचे गुण मिळून जी पुढे राहील ती देशाच्या संघात जाणार होती, आणि बायकांच्या संघात जागा एकच उरली होती. ती टिंकारा म्लेकुझची, असं सगळ्या खोऱ्याने धरलेलं. संध्याकाळी पाहावं तर टिंकारा बारा गुणांनी मागे, आणि पुढे कोण, तर आमच्याच मंडळाची दार्या बेर्गिन्त्स.

टिंकारा आत आली आणि तिने धनुष्य माझ्या योटाच्या पातेल्याशेजारी ठेवलं. पातेल्यातल्या घेवड्याची आणि आंबवलेल्या कोबीची वाफ भिंगावर चढली तरी तिला भान नव्हतं.

"पाणसळीचा स्क्रू फिरवलाय कुणीतरी," ती म्हणाली. "काल संध्याकाळी धनुष्यं आतल्या खोलीत कुलपात होती. त्यानंतर कुणीतरी हात लावलाय."

आमच्या मंडळाचा एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच सगळे पाळतात. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दुसऱ्याच्या धनुष्याला हात लावायचा नाही. लावेल तो मंडळातून बाहेर, कायमचा. त्याला नदीकाठी मासे धरतानाही कुणी ओळख देत नाही.

आतल्या खोलीच्या किल्ल्या तीनच. एक माझ्याकडे, एक आमचे गुरू लोव्रेन्सकाका यांच्याकडे, एक सचिव म्हणून दार्याकडे. सगळ्यांच्या माना दार्याकडे वळल्या.

दार्याने चमचा खाली ठेवला. "बघताय काय? बोला की तोंडाने."

"मी नाव नाही घेतलं," टिंकारा म्हणाली.

"नाव घ्यायला लागतंय कुठे? इथे सगळ्यांना मानेने बोलायची सवय." दार्या उठली. "मी हात लावलेला नाही. आणि हे जोवर सगळ्यांसमोर सिद्ध होत नाही, तोवर मी उद्या धनुष्य उचलणार नाही. ती जागा घाला चुलीत."

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून स्पर्धेच्या पंच ल्युडमिला चेर्नुता उठल्या आणि हातरुमालाने तोंड पुसत म्हणाल्या, "फ्लोरियान, माझं ताट झाकून ठेव. आणि या खोलीतून कुणी हलू नका."

२

ल्युडमिलाबाई पंच व्हायच्या आधी पोलिसात तपास अधिकारी होत्या. चोर पकडून कंटाळा आला म्हणून बाण मोजायला लागले, असं त्या सांगतात. बुटक्या, जाड चष्मा, आणि बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघायची खोड. माणूस तोंडाने खोटं बोलतो, पण हातांना ते शिकवायला विसरतो, हे त्यांचं आवडतं वाक्य.

पहिला नंबर माझा लागला, कारण किल्ली माझ्याकडे.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"इथेच. सुक्या नाशपातीचं सारण भरून क्राफी वळत होतो, आमचे इकडचे मोदकच म्हणा. ही बया पायात होती." बया म्हणजे आमची मांजर, लिस्का. एप्रिलमध्ये पिल्लू म्हणून आली आणि तेव्हापासून माझ्या एप्रनच्या नाड्या, लसणाच्या माळा, टांगलेले सॉसेज, जे जे लोंबतं त्याच्याशी तिचं वैर. आत्ताही ती माझ्या नाडीला लटकत होती.

"आतल्या खोलीत कोण गेलं?"

"मी पाठ करून उभा होतो, बाई. क्राफी वळताना नजर हलवली तर सारण बाहेर येतं."

लोव्रेन्सकाका माझ्या शेजारी बटाटे सोलत होते. म्हाताऱ्याने या डोंगरांत दोन पिढ्या घडवल्या, टिंकाराला तर सात वर्षांची असल्यापासून. पण या वर्षी वसंतात त्यांनी स्वतः धनुष्य खुंटीला लावलं, आणि तेव्हापासून ते माझे बटाटे सोलतात. सपाटीवर अजून पोराटोरांना हरवतात, पण डोंगरावर हात साथ देत नाही म्हणाले. "म्हातारपण चढावर दिसतं, फ्लोरियान," असं म्हणून सुरी मागितली होती.

"लोव्रेन्स, तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मी इथेच," काका म्हणाले. सालाची एकच लांब पट्टी त्यांच्या सुरीखालून उतरत होती. ती तुटली.

मग ओझ्बेयला बोलावलं. हा धनुष्यांच्या प्रत्यंचा वळतो, आणि उन्हाळ्यापर्यंत टिंकाराशी लग्न करणार होता. ते मोडल्यावर खानावळीत बसून "बघून घेईन" असं मोठ्याने म्हणाला होता. म्हणजे संशयाला बरा.

"काल संध्याकाळी मी घरी होतो," ओझ्बेय म्हणाला.

"घरी काय करत होतास?"

"झोपलो होतो."

"मग हाताला माशाचा वास कसा?"

ओझ्बेयने माझ्याकडे पाहिलं, मी पातेल्याकडे पाहिलं. शेवटी मलाच राहवलं नाही. "बाई, तो काल दिवे लागेपर्यंत पुलाखाली होता. परवाना नसताना एवढा मोठा ट्राउट धरला त्याने. मी तो सकाळी तळलाय."

"उरलाय का?"

"नाही."

"मग गुन्ह्याचा पुरावा नाही," बाई म्हणाल्या. "जा, बस जाऊन."

बाहेर बाकावर दार्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेलो होतो, म्हणून कानावर आलं.

"तुझी स्वतःची पाणसळ तू शेवटची कधी बसवलीस?"

"तीन वर्षं झाली. बसलेली आहे, उगाच कोण हलवतं?" दार्या म्हणाली. मग चहाच्या कपात बघत म्हणाली, "मला तिला हरवायचं होतं, बाई. खूप. पण ती चांगली खेळत असताना."

बाईंनी मान हलवली. "टिंकाराला धनुष्य घेऊन मागच्या मैदानात पाठव," त्या मला म्हणाल्या. "दार्याने तिचा नेम बिघडवला असेल, तर आत्ता दिसेलच."

३

मैदान मंडळाच्या इमारतीमागे आहे, तव्यासारखं सपाट. उजेड अजून भरपूर होता. सगळे दारात दाटीवाटीने उभे राहिले. टिंकाराने श्वास घेतला, बुडबुडा मधोमध आणला आणि तीन बाण सोडले.

तिन्ही निशाणाच्या मधल्या पिवळ्या ठिपक्यात. बाणांची पिसं एकमेकांना घासत होती.

दारातून एक सुस्कारा उठला आणि त्याबरोबर संशयाची दिशाच फिरली. साइट बिघडलेली नव्हतीच. कुणीतरी मागून म्हणालं, "पोरगी घाबरली, दुसरं काय. आणि बिचाऱ्या दार्यावर..." गालावर चपराक बसल्यासारखी टिंकारा उभी राहिली.

"सील फुटलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "मी खोटं बोलत नाहीये."

"मला माहीत आहे," ल्युडमिलाबाई म्हणाल्या. "आता आत चल, आणि आज कुठला बाण कुठे गेला ते सांग."

"चुकलेले?"

"सगळे."

आणि मग मी जे पाहिलं ते माझ्या नातवंडांना सांगेन. टिंकारा बाकावर बसली, तिने डोळे मिटले, आणि सकाळपासूनचा एकेक बाण ती सांगत गेली. पहिलं निशाण, ओढ्याच्या कडेला, सपाट, तिन्ही मधोमध. दुसरं, बीचच्या झाडांतून वर, पहिला पिवळ्याच्या उजव्या कडेला, दुसरा त्याच्या बाहेर बोटभर, तिसऱ्याच्या वेळी डावीकडून वारा होता म्हणून आणखी अर्धं बोट. कुठल्या बाणाच्या वेळी पाखरू ओरडलं, कुठल्या वेळी बुटाखाली दगड होता, सगळं तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे उभं. मला काल काय जेवलो ते आठवत नाही. आपण ज्यांना फक्त ताटं वाढतो ती माणसं आत काय काय साठवून असतात, ते मला त्या संध्याकाळी दिसलं.

ल्युडमिलाबाई टेबलावर माझे बटाटे मांडत होत्या. उजवीकडचा बाण आला की उजवीकडे बटाटा, डावीकडचा आला की डावीकडे.

"आणि साइट हलवलीस का मध्ये?"

"हलवली. बाण जिकडे जाईल तिकडे साइट न्यायची, हे तर काकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. उजवीकडे जायला लागले म्हणून उजवीकडे सरकवली. पुढच्या निशाणावर डावीकडे गेले, तेही दुप्पट. परत आणली. मग पुन्हा बाण उजवीकडे." तिने डोळे उघडले. त्यांत पाणी होतं. "मी दिवसभर बाणांच्या मागे धावत होते, बाई. ते हातात येतच नव्हते."

बाईंनी बटाट्यांकडे बोट केलं. "वरच्या निशाणांवर सगळे उजवीकडे. दरीतल्या निशाणांवर सगळे डावीकडे. सपाटीवर मधोमध. भीतीने हात कापतो तेव्हा तो चढ-उतार बघून कापत नाही."

"म्हणजे पाणसळ," टिंकारा म्हणाली. "पुढेमागे तिरकी बसलीय. सपाटीवर ते दिसतच नाही. धनुष्य वर किंवा खाली झुकवलं की बुडबुडा खोटं सांगतो, आणि मी त्याचं ऐकून धनुष्य कलतं करते."

"बरोबर. म्हणजे स्क्रू खरंच फिरवलाय."

पुन्हा सगळ्यांच्या माना दाराकडे, बाहेरच्या बाकाकडे वळल्या. बाईंनी मात्र लोव्रेन्सकाकांकडे पाहिलं.

"तुम्ही डोंगरावर मारायचं सोडलंत, नाही का? कशामुळे?"

"हात गेला."

"हात गेला, ते कळलं. बाण कुठे गेले?"

काकांनी सुरी खाली ठेवली. "चढावर उजवीकडे," ते म्हणाले. "उतारावर डावीकडे."

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला.

४

ज्याच्यावर जीव टाकला त्या माणसानेच हे केलं, असं माझ्या मनात आलं. पण ल्युडमिलाबाईंनी काकांना काहीच विचारलं नाही. त्या खोलीत फिरू लागल्या.

आमच्या मंडळाची इमारत म्हणजे जुनी शाळा. भूकंपात ती अशी काही हादरली की तिच्यात सरळ म्हणून काही उरलं नाही. दारं आपोआप मिटतात. टेबलाच्या एका पायाखाली दरवर्षी नवी पाचर लागते. भिंतीवर तसबीर लावली की कुठल्या बाजूने बघावी हा प्रश्न पडतो. या खोलीत सरळ गोष्ट एकच, ग्रेगाचा ओळंबा.

ग्रेगा म्हणजे मंडळाचा संस्थापक, लोव्रेन्सकाकांचा गुरू, देवाघरी जाऊन जमाना झाला. त्याने तुळईला मासे धरायची रेशमी दोरी बांधली आणि खाली स्वतः ओतलेला शिशाचा गोळा लावला. नवा मुलगा मंडळात आला की त्याला या दोरीपुढे उभं करतात. धनुष्य दरीत मारतात तसं खाली झुकवायचं, कांब दोरीला समांतर धरायची, आणि बुडबुडा मधोमध येईल तिथे पाणसळ पक्की करायची. दोरीला हात लावायचा मान फक्त काकांचा, आणि दर वसंतात आपली स्वतःची पाणसळही ते इथेच नव्याने बसवत. चर्चमध्ये टोपी न काढणारे लोक त्या दोरीपुढे टोपी काढतात.

बाई त्या दोरीपुढे थांबल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या.

"तुझी मांजर हिच्याशी खेळत नाही?"

"आधी खेळायची. पिल्लू असताना तर त्या गोळ्याला लटकायची."

"आणि आता?"

"आता हलत नाही ती. न हलणाऱ्या दोरीशी मांजर खेळेल कशाला?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "लोव्रेन्स, ओळंबा हलत का नाही?"

काका उभे राहिले. "मी खाली बांधला. एप्रिलमध्ये. मांजर ग्रेगाच्या गोळ्याला नखं लावत होती, मला बघवलं नाही. जमिनीत खिळा मारला आणि गोळा घट्ट ओढून बांधला."

"खिळा गोळ्याच्या बरोबर खाली मारलात?"

"तिथली फळी पातळ आहे, खिळा धरेना. शेजारी आडवं लाकूड लागलं, तिथे मारला. पण दोरी ताठ आहे, बाई. तारेसारखी ताठ आहे. हात लावून बघा."

"ताठ आहे," ल्युडमिलाबाई म्हणाल्या. "सरळ आहे का, ते बघू. गाठ तुम्हीच सोडा. दुसऱ्या कुणी सोडू नये."

५

म्हातारा गुडघ्यांवर बसला. गाठ सहा महिन्यांची, बोटं जाड. तोवर दार्याही दारात येऊन उभी राहिली होती.

गाठ सुटली आणि गोळा निसटला.

तो एका बाजूला गेला, परत आला, पुन्हा गेला. खोलीत माणसं गच्च भरलेली, पण कुणी पापणी हलवत नव्हतं. लिस्का कोपऱ्यातून टवकारून बघत होती, तिला मी पायाने अडवलं. हेलकावे लहान होत गेले, अजून लहान, आणि शेवटी गोळा थांबला. खिळ्यापासून चार बोटं दूर.

चार बोटं. चर्चमध्ये इतकी वर्षं गेलो, पण कुणीतरी मोठं आपल्या खोलीत येऊन उभं राहिलंय असं तिथे कधी वाटलं नाही. त्या शिशाच्या गोळ्याला माणसांची मर्जी, मान, प्रेम, कशाचीच पर्वा नव्हती. सोडल्याबरोबर तो आपल्या जागी गेला आणि पृथ्वी जे सांगते तेच त्याने सांगितलं. ओझ्बेयने नकळत टोपी काढली.

"आता दोन्ही धनुष्यं आणा," बाई म्हणाल्या.

टिंकाराने आपलं धनुष्य मोकळ्या ओळंब्यापुढे खाली झुकवून धरलं. बुडबुडा डावीकडे सरकून बसला. मग काकांचं धनुष्य खुंटीवरून काढलं, धूळ पुसली, तसंच धरलं. बुडबुडा डावीकडे, तेवढाच, जुळ्या भावासारखा.

"ज्याला टिंकाराचं वाईट करायचं होतं," ल्युडमिलाबाई सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "तो स्क्रू कसाही पिळून पळाला असता. पण ही पाणसळ पिळलेली नाही, बसवलेली आहे. दोरीपुढे उभं राहून, जपून. फक्त दोरी खोटी होती. म्हणजे हा हात शत्रूचा नाही. ज्याला ती जिंकायला हवी होती, त्याचा आहे. किल्ल्या तीन. फ्लोरियानला धनुष्याची कुठली बाजू वर ते कळत नाही."

"वर बारीक असतं," मी म्हणालो.

"दोन्हीकडे बारीक असतं," टिंकारा म्हणाली.

"दार्याला ही जागा स्वतःला हवी होती. ती प्रतिस्पर्ध्याची साइट दुरुस्त करत बसेल का? राहिली तिसरी किल्ली."

लोव्रेन्सकाका अजून जमिनीवरच बसले होते.

"काल धनुष्यं आत ठेवताना टिंकाराचं स्टँडवरून घसरलं," ते म्हणाले. "सीलला तडा दिसला. पाणसळ हलली असेल, सकाळी डोंगरावर पोरीची फजिती होईल, असं वाटलं. नियम माझाच, आदल्या दिवशी हात लावायचा नाही. सांगितलं तर तिचं चित्त उडेल. म्हणून फ्लोरियानची पाठ होती तेव्हा या दोरीपुढे गुपचूप बसवली. आत्ता तिने आरोप केला तेव्हा मला वाटलं, मी तर बरोबर करून ठेवली होती, म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी..." ते थांबले. "ग्रेगाची दोरी चुकेल हे माझ्या मनातच आलं नाही. माझ्याच हाताने चुकवलेली असून."

"आणि मी?" दार्या दारातून म्हणाली. "मी बाहेर बसले होते, काका. तुम्ही बटाटे सोलत होतात."

म्हाताऱ्याने खिशातून किल्ली काढली, ती दार्याच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, "नियम माझाच आहे. मी मंडळाच्या बाहेर. तुझी माफी मागतो, पोरी. सगळ्यांसमोर मागतो."

दार्याने किल्ली उचलली नाही. तेवढ्यात टिंकारा पुढे आली आणि तिने स्वतःचं धनुष्य दार्यापुढे धरलं.

"हे दोघींनी मिळून केलं तर नीट होईल," ती म्हणाली. "मी ओळंब्याला लावून धरते. स्क्रू तू फिरव."

खोलीत चुळबुळ झाली. उद्या स्पर्धा, आज संध्याकाळ, आणि धनुष्य प्रतिस्पर्ध्याच्या हातात.

"वेडी आहेस का?" दार्या म्हणाली. "मी मुद्दाम वाकडी बसवली तर?"

"तर बाण सांगेल."

दार्याने पाना घेतला. तिने जपून स्क्रू फिरवला. बुडबुडा मधोमध आला, दोघींनी एकदम श्वास सोडला. सीलसाठी नखपॉलिशही दार्यानेच आपल्या पिशवीतून काढलं. रंग जांभळा होता. टिंकारा म्हणाली, "ई, काय हा रंग," आणि त्या दिवसात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

६

रविवारी टिंकारा ज्या तऱ्हेने खेळली तसं त्या डोंगराने आधी पाहिलं नसेल. कड्यावर, घळीत, दरीत, बाण जणू वाट ओळखून जात होते. बारापैकी अकरा गुण तिने भरून काढले. एक राहिला. संघातली जागा दार्याची झाली, आणि टाळ्या वाजवायला सगळ्यांत आधी टिंकाराचे हात उठले. "पुढच्या वर्षी तुझा स्क्रू मी फिरवणार," ती दार्याच्या कानात म्हणाली. मी जवळच होतो, क्राफी वाढत.

लोव्रेन्सकाका दिवसभर दिसले नव्हते. दुपारी तंबू उतरवताना ते मागच्या दाराने आले, आपली सुरी न्यायला. दार्याने त्यांना गाठलं. शनिवारची किल्ली तिच्या हातात होती.

"तुम्हाला बाहेर काढायचं की नाही ते मंडळ ठरवेल," ती म्हणाली. "पण काल मी बाहेर बसले होते, म्हणून शिक्षा मी देणार. तुमचं धनुष्य आणलंय मी. पाणसळ बसवलीय, मोकळ्या दोरीवर. चला वर."

"पोरी, माझा हात..."

"वर चला म्हटलं ना."

आम्ही चौघं चढलो. ल्युडमिलाबाई खालीच थांबल्या, गुडघे दुखतात म्हणाल्या, पण रुमाल डोळ्यांना लावलेला मी पाहिला. बोकडाच्या कड्याखालचं निशाण अजून उतरवलेलं नव्हतं. सगळ्यांत उभा चढ तिथला. खालून बघितलं तर पिवळा ठिपका ढगाला टेकल्यासारखा दिसतो.

काकांनी बाण चढवला. मग त्यांनी प्रत्यंचा ओढली. हात मुळीच कापत नव्हता. बाण सुटला, आम्ही ऐकला, आणि वर टप असा आवाज झाला.

टिंकारा धावत गेली आणि वर नुसती उभी राहिली, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. बाण ठिपक्याच्या मधोमध होता. दुसरा त्याला चिकटून गेला. तिसऱ्याच्या वेळी काकांनी धनुष्य खाली घेतलं, कारण त्यांना काही दिसत नव्हतं. इतके महिने त्यांनी स्वतःला म्हातारं समजून घेतलं होतं, खुंटीकडे बघत बटाटे सोलले होते, आणि हात तिथेच होता, जसाच्या तसा.

"फ्लोरियान," काका बाहीने डोळे पुसत म्हणाले, "एप्रिलपासून मी तुझे बटाटे सोलतोय."

"हो काका."

"उद्यापासून तुझे तू सोल."